काकांची लेथ आणि सूनबाईंची अट



या सदरात आजवर आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नातला अवाजवी खर्च, भिशीचे हिशेब असे विषय घेतले. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, "हे काय नवीनच काढले?" विषय आहे, घरी छंद म्हणून लाकूड कातण्यासाठी छोटी लेथ कशी निवडावी. हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. गेल्या वर्षावासात रविवारची वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तेव्हा तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

आमच्या वस्तीत एक काका आहेत. अंबरनाथकडील एका कारखान्यात त्यांनी ३२ वर्षे टर्नर म्हणून काम केले. निवृत्त होऊन ४ वर्षे झाली. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. माझ्याबरोबर दुकानात याल का? लाकडाची लेथ घ्यायची आहे."

"धंदा काढताय का, काका?" आम्ही विचारले.

"धंदा नाही हो. हौस आहे."

काकांनी त्यासाठी ५०,००० रुपये साठवले होते आणि त्यावरून घरात धुसफूस चालली होती. सूनबाई एका दवाखान्यात नोकरी करून संसाराला हातभार लावतात. त्यांचे म्हणणे सरळ होते. "बाबा, एवढ्या पैशांत मुलाच्या क्लासची फी निघेल. लाकडाचे भोवरे करून कोणाचे भले होणार आहे?"

खरे सांगायचे तर आम्ही मनातून सूनबाईंच्या बाजूचे होतो. "पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा" असे सांगत वस्त्यावस्त्यांतून फिरण्यात आमची उमर गेली. तेच आम्ही काकांनाही सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, ३२ वर्षे दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे लोखंड कापले. हजारो नग काढले. त्यातला एकही घरी आणून दाखवता आला नाही. आता एखादी वस्तू माझ्या मनाने करायची आहे."

यावर आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही. मग कारकुनाच्या सवयीने आम्ही पासबुके मागितली. नातवाच्या फीचे पैसे काकांनी आधीच वेगळे ठेवले होते. काकूंच्या औषधपाण्याची ठेव वेगळी होती. कुणाचे कर्ज नव्हते, हप्ते नव्हते. हे ५०,००० सगळे भागवून उरलेले होते. तेव्हा आमचा विरोध मावळला. कोणत्याही हौसेसाठी आमचा पहिला नियम हाच आहे. उरलेल्या पैशातून करावी, उधारीवर करू नये.

तरीही कुणी विचारील, कष्टकऱ्याच्या घराला छंद शोभतो काय? बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था माणसाचा धंदा त्याच्या जन्मावरून ठरवते, त्याची आवड आणि कुवत विचारातच घेत नाही. गावगाड्यात वाकस आणि पटाशी कुणाच्या हाती असावी हे ठरलेले होते. आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी "तुला काय करायला आवडेल?" असे विचारले नाही. पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला सुसंस्कृत जीवन जगायचे तर त्याला फुरसत हवी आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. तेव्हा फुरसत आणि आवड ही काही फक्त बंगल्यात राहणाऱ्यांची मिरासदारी नाही. सगळे देणेघेणे भागवून एखादा कामगार आपल्या आवडीचे यंत्र घेत असेल, तर तो पैसा उधळला असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ते यंत्र चुकीचे निघाले, तर तो पैसा खरोखरच पाण्यात जाईल. म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

आधी वस्तू, मग मशीन

आपल्या समाजातील कितीतरी मुले आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडली. त्यांना लेथ म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. डावीकडे मोटरने फिरणारा हेडस्टॉक, उजवीकडे मागेपुढे सरकणारा टेलस्टॉक, दोघांना धरणारा खालचा बेड. या दोन टोकांमध्ये लाकूड पकडायचे. ते फिरू लागले की मधल्या टूल रेस्टवर हत्यार टेकवून त्याला आकार द्यायचा. कारखान्यातल्या लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेले असते. लाकडाच्या लेथवर ते माणसाच्या हातात असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुकानात जाण्यापूर्वी आम्ही काकांना एका कागदावर वस्तूंची यादी करायला लावली. लाटणे, भोवरा, मेणबत्तीचा स्टँड, विहारात फुले ठेवायला ८ इंचांचा वाडगा आणि शेवटी, जमले तर, एक छोटा स्तूप. मग प्रत्येक वस्तूपुढे माप लिहिले. लाकडाच्या लेथची दोन मापे महत्त्वाची असतात. एक, बेडच्या वर जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरू शकते. दुसरे, दोन सेंटरांच्या मध्ये किती लांबीचे लाकूड बसते.

काकूंनी स्वयंपाकघरातले लाटणे मोजून दिले, ते १५ इंच भरले. म्हणजे १२ इंच लांबीची लेथ बादच. वाडगा ८ इंचांचा, म्हणून १० इंच व्यासाची लेथ हवी, कारण खडबडीत ठोकळा तयार वस्तूपेक्षा मोठाच असतो. अशा रीतीने १० इंच व्यास आणि १८ इंच लांबी हे माप घरीच ठरले. ज्यांना फक्त पेन, चावीचे गोंडे आणि भोवरे करायचे आहेत त्यांना ८ बाय १२ चे छोटे मशीनही पुरते. ज्यांना पलंगाचे पाय कातायचे आहेत त्यांना हे १० बाय १८ देखील अपुरे पडेल. दुकानदाराला "चांगले मशीन कोणते?" असे विचारू नये. आपली यादी त्याच्यापुढे ठेवावी.

दुकानातली परीक्षा

पहिल्या दुकानात आम्हांला पत्र्याच्या आणि पाइपांच्या सांगाड्यावर बसवलेले एक मशीन दाखवण्यात आले. त्यावर '१ हॉर्सपॉवर' असे ठळक लिहिले होते आणि किंमतही बरीच कमी होती. आम्ही हिशेबातले माणूस, आम्हांला ते लगेच आवडले. परंतु काकांनी तीन गोष्टी केल्या आणि आमचे डोळे उघडले.

पहिली गोष्ट, त्यांनी स्पिंडल मुठीत धरून वर-खाली आणि मागे-पुढे हलवला. तो किंचित हलला. म्हणजे बेअरिंग ढिले. दुसरी गोष्ट, टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत नेला आणि दोन्ही सेंटरांची टोके एकमेकांसमोर आणली. ती जुळली नाहीत, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर राहिले. अशा मशीनवर लाकडाला भोक पाडले तर ते मधोमध जाणार नाही. तिसरी गोष्ट, मशीन रिकामेच सुरू करायला सांगितले आणि वर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. पेल्यातले पाणी थरथरत सांडले. काका म्हणाले, "चला भाऊ. याचा घोडा जोरात आहे, पण टांगा मोडका आहे."

दुसऱ्या दुकानात बिडाच्या बेडचे मशीन होते. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, पण वजन ४० किलोच्या आसपास. या आकाराच्या लेथला अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर पुरेशी होते. लाकडाच्या लेथमध्ये वजनाला फार किंमत आहे. ओबडधोबड लाकूड फिरू लागले की ते मशीनला हलवते. जड बीड हा हादरा गिळते, हलका पत्रा तोच हादरा हाताकडे पाठवतो. तिन्ही परीक्षांत हे मशीन उतरले.

त्यानंतर वेगाची चौकशी केली. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकून वेग बदलायचा. दुसऱ्यात बटण फिरवले की वेग कमी-जास्त होतो. दुसरा प्रकार सोयीचा खरा, पण त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. आमच्याकडे विजेचा दाब खाली-वर होतो. कार्ड जळाले तर ते मिळेपर्यंत मशीन बंद. पट्टा तुटला तर तो गल्लीतल्या दुकानात मिळतो. म्हणून काकांनी पट्ट्याचे ५ वेगांचे मशीन पसंत केले. मात्र सर्वांत कमी वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास तरी असावा हे पाहून घेतले. हजाराच्या खाली न उतरणाऱ्या मशीनवर वाडग्याचा ओबडधोबड ठोकळा लावणे धोक्याचे आहे.

शेवटचा प्रश्न स्पिंडलच्या आट्यांचा. काकांनी विचारले, "आटा कोणता?" उत्तर आले, १ इंच आणि इंचाला ८ आटे. आतला टेपर एमटी-२. ही सर्रास चालणारी मापे आहेत, त्यामुळे उद्या चक किंवा फेसप्लेट घ्यायची झाली तर कुठल्याही कंपनीची बसू शकते. आटे विचित्र मापाचे असतील तर त्याच कंपनीच्या दारात पुन्हापुन्हा जावे लागते आणि कंपनी बंद पडली तर मशीन निकामी.

ड्रिल मशीनला जोडायची स्वस्त लेथही आम्हांला एकाने सुचवली. ड्रिलचे बेअरिंग समोरच्या दाबासाठी केलेले असते, बाजूचा सततचा दाब त्याला सोसत नाही. चार भोवरे होतील आणि घरातले ड्रिलही जाईल.

पन्नास हजारांचा जमाखर्च

आता ज्यासाठी आम्हांला नेले होते तो हिशेब. मशीन ३१,०००. पाच हत्यारे ९,०००. ग्राइंडर ४,०००. जुन्या अँगलचे टेबल वेल्डरकडून ३,०००. वायरिंग आणि अर्थिंग १,४००. चेहऱ्यावरची फेस शील्ड ६००. एकूण ४९,०००, शिल्लक १,०००. भाव गावोगावी वेगळे असतात, ते बदलतातही. म्हणून रकमेपेक्षा प्रमाण लक्षात ठेवा. शंभर रुपयांतले साठ मशीनला आणि चाळीस बाकीच्या सामानाला. सगळे शंभर मशीनवर घालवून घरी येणारा माणूस पाच महिने त्याच्याकडे पाहत बसतो.

हत्यारे हायस्पीड स्टीलचीच घ्यावीत. साध्या कार्बन स्टीलला ग्राइंडरवर निळसर झाक आली की पाणी उतरते, मग धार टिकत नाही. सुरुवातीला रफिंग गाउज, स्पिंडल गाउज, बोल गाउज, स्क्यू आणि पार्टिंग टूल एवढी पुरतात. रफिंग गाउज लाटण्यासारख्या लांब लाकडालाच लावावी. वाडग्याला ती कधीही लावू नये, तिची शेपटी मोडून हाताला इजा होते. चार जबड्यांचा चक काकांनी पहिल्या वर्षासाठी वगळला, कारण मशीनबरोबर मिळालेल्या फेसप्लेटवर वाडगा होतो.

लाकूड तर विकत घ्यावेच लागले नाही. सुतारांकडे शिसवीचे, सागाचे तुकडे पडलेले असतात. सागात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते, एवढे ध्यानात असू द्या. आंब्याचे लाकूड शिकायला चांगले. ओले लाकूड तडकते, म्हणून टोकांना मेण लावून सावलीत वाळवावे. जुन्या चौकटीचे लाकूड घेतले तर आधी खिळे शोधून काढावेत.

सूनबाईंची अट

वरील हिशेबातली ६०० रुपयांची शील्ड काकांना नको होती. "३२ वर्षे लेथ चालवली, मला काय शिकवता?" असे ते म्हणाले. तेव्हा सूनबाईंनी अट घातली. "बाबा, दवाखान्यात डोळ्याला मार लागलेली माणसे मी रोज बघते. आधी ती शील्ड घरात येईल, मग मशीन." काकांनी कुरकुरत मान्य केले.

तिसऱ्याच दिवशी प्रसंग घडला. काका शिसवीचा तुकडा कातत होते. स्क्यूचे टोक लाकडात रुतले, लाकूड सेंटरमधून सुटले आणि थेट तोंडावर आले. शील्डवर ओरखडा उठला, काकांना काही झाले नाही. आम्ही नंतर कागदावर हिशेब मांडला. ६ इंच व्यासाचे लाकूड मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड ताशी ४३ किलोमीटर वेगाने धावते. मोटारसायकलच्या वेगाने आलेला दगडच तो! म्हणून एक ठोकताळा सांगतो. लाकडाचा व्यास इंचांत मोजावा आणि त्याला फेऱ्यांनी गुणावे. गुणाकार ६,००० ते ९,००० च्या मध्ये असावा. नवख्याने ६,००० च्याही खालीच राहावे. ६ इंचांच्या लाकडाला १,००० फेऱ्या पुष्कळ झाल्या.

बाकीची पथ्ये अशी. सैल बाही, ओढणी, पदर, उपरणे, अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही अंगावर नको. केस घट्ट बांधावेत. हातमोजे घालू नयेत, ते हातासकट ओढले जातात. बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एकदा फिरवून पाहावे. टूल रेस्ट सरकवायची तर मशीन बंद करूनच. भुशासाठी नाकावर मास्क असावा. पॉलिश करताना कापडाऐवजी कागद वापरावा. स्पिंडलची उंची आपल्या कोपराएवढी ठेवावी, म्हणजे पाठ धरत नाही. चाळीत राहणाऱ्यांनी मशीनखाली रबर घालावे आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी ते बंद ठेवावे. काकांनी सकाळी १० ते १२ ही वेळ ठरवून घेतली आणि शेजाऱ्यांची परवानगीही घेतली.

त्या प्रसंगानंतर काका दोन दिवस मशीनकडे गेले नाहीत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "कारखान्यात हत्यार आवळलेले असायचे. मनात घरचे विचार आले तरी काम चालू राहायचे. इथे मन गेले की हत्यार गेले."

हे ऐकून आम्हांला महासतिपट्ठान सुत्त आठवले. श्वासावर लक्ष कसे ठेवावे हे समजावताना तथागतांनी उपमा दिली आहे ती लाकूड कातणाऱ्याचीच! पाली भाषेत त्याला 'भमकार' म्हणतात. आपला भोवरा हा शब्दही त्याच फिरण्याच्या कुळातला. कुशल भमकार किंवा त्याचा शिष्य जेव्हा लांब ओढ घेतो तेव्हा ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेतो तेव्हा आखूड आहे हे जाणतो. तसाच साधक आपला श्वास जाणतो, असा त्याचा आशय आहे. आम्ही हे सुत्त विहारात अनेकदा ऐकले, पण त्यातला कारागीर आमच्या डोळ्यांपुढे कधी उभा राहिला नव्हता. काकांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे भगवंतांनी टर्नर पाहिला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा शील्ड चढवली. या वेळी कुणाला सांगावे लागले नाही.

आज या गोष्टीला वर्ष होत आले आहे. पहिले लाटणे शिसवीचे झाले. वार्निश न लावता त्याला नुसते खोबरेल तेल चोळले. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी दोष काढला, "बाबा, हे एका बाजूला जाड आहे." परंतु जुने लाटणे फडताळात गेले आणि पोळ्या याच लाटण्यावर होऊ लागल्या. नातवाचे भोवरे गल्लीभर फिरतात. अभ्यास झाला की नवा भोवरा, असा आजोबा-नातवाचा करार आहे. क्लासची फीही वेळेवर गेली. विहारात वाडगा आला आहे, त्यात फुले ठेवतात. काही जणांनी काकांना "विकता का?" असे विचारले. काका "बघू" म्हणतात आणि विषय बदलतात. आम्हीही आग्रह धरत नाही. प्रत्येक आवडीला भावाची चिठ्ठी लावलीच पाहिजे असे नाही.

यादीतला स्तूप तेवढा राहिला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या दगडी स्तूपावर लाकडी छत्र आहे, तसे छत्र काकांना करायचे आहे. दोनदा ते कातताना मोडले. आम्ही त्यांना धीर द्यायला जपानची हकीकत सांगितली. आठव्या शतकात तिथल्या सम्राज्ञी शोतोकू यांनी दहा लाख छोटे लाकडी पगोडे करवून घेतले. ते ७७० साली पूर्ण होऊन दहा विहारांत वाटले गेले. प्रत्येक पगोडा सुमारे २१ सेंटिमीटर उंचीचा, लेथवर कातलेला आणि आत छापील धारणीचा कागद ठेवलेला. होर्यु-जी विहारात त्यांतले ४० हजारांहून अधिक आजही जपून ठेवलेले आहेत. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "दहा लाख करणारे असतील मोठे. मला एकच करायचा आहे, पण माझा."

वाचकहो, आपल्या घरातही असे एखादे काका, एखादी मावशी, एखादा आयटीआय झालेला भाऊ असेल. त्याच्या मनातली हौस विचारून तर पाहा. आधी पासबुक बघा, मग वस्तूंची यादी करा, मग मशीन हलवून बघा आणि शील्ड सर्वांत आधी घ्या. एवढेच सांगावयाचे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!